‘क्षितिज’ पडद्यावर नीट उमटण्यासाठी

मराठी मुलांसाठी शब्दांचा एखादा खेळ करायला घ्या. पायथॉन आणि पायगेम एवढ्या दोन गोष्टी संगणकावर असल्या की विंडो उघडणे, तिला पार्श्वरंग देणे, त्यात एक वर्तुळ काढणे ही कामे दहा-पंधरा ओळींत होतात. मग उत्साहाने ‘क्षितिज’ हा शब्द पडद्यावर आणावा, आणि समोर काय येते? पाय मोडलेला क, शेजारी सुटा ष, त्याच्या उजव्या अंगाला पहिली वेलांटी, पुढे त आणि पुन्हा चुकीच्या बाजूला वेलांटी. खुणा सगळ्या हजर, शब्द मात्र गायब. इंग्रजीतले धडे इथे फारसे मदतीला येत नाहीत, कारण साध्या इंग्रजी मजकुराला हा प्रश्न पडतच नाही. म्हणून विंडो, रेखाटन आणि फॉन्ट या तिन्ही गोष्टी एकदा मराठीच्या बाजूने पाहायला हव्यात.

सुरुवात विंडोपासून करू. कोणत्याही प्रोग्रॅमला पडद्यावर स्वतःहून काही काढता येत नाही. पडदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असतो. प्रोग्रॅमने तिच्याकडे जागा मागायची, तिने ती द्यायची. ही मागणी करण्याची रीत विंडोजमध्ये एक, मॅकवर दुसरी, आणि लिनक्सवर एक्स-११ आहे की वेलँड यावर तिसरी किंवा चौथी. एकच खेळ सगळीकडे चालवायचा तर तेच काम तीन-चारदा करावे लागे. सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये ‘एसडीएल’ ही लायब्ररी आणली ती हा त्रास संपवण्यासाठी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘विंडो दे’ एवढेच म्हणायचे. कोणत्या सिस्टिमशी कोणत्या भाषेत बोलायचे हे लायब्ररी पाहते. २०१३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि परवानाही अगदी मोकळा झाला. तिसरी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. पीट शिनर्स यांनी २००० साली सुरू केलेला पायगेम याच एसडीएलवर उभा आहे. त्यामुळे पुढे एसडीएलबद्दल जे म्हटले आहे ते बहुतेक सगळे पायगेमलाही लागू पडते.

विंडो मिळाली म्हणजे काम संपले असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात विंडो मिळाल्यावर प्रोग्रॅमवर एक कायमची जबाबदारी येते. माउस हलला, कळ दाबली, विंडो बंद करायची खूण केली, अशा प्रत्येक घटनेची चिठ्ठी सिस्टिम प्रोग्रॅमच्या रांगेत टाकत असते. त्या चिठ्ठ्या सतत उचलाव्या लागतात. विंडोजमध्ये पाचेक सेकंद कोणी रांगेकडे फिरकले नाही तर विंडो पांढुरकी पडते आणि मथळ्यावर ‘प्रतिसाद देत नाही’ असा शेरा येतो. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो, तो फक्त एखादी मोठी फाइल वाचत बसलेला असतो. म्हणून ग्राफिक्सच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात एक फेरा असतो: घटना उचला, हिशेब करा, चित्र काढा, दाखवा, आणि पुन्हा पहिल्यापासून. साध्या पडद्यावर हा फेरा सेकंदाला साठ वेळा होतो, म्हणजे एका फेऱ्याच्या वाट्याला सोळा-सतरा मिलिसेकंद येतात.

चित्र काढणे आणि दाखवणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवण्यालाही कारण आहे. नाटकात पडदा पाडून मागे नेपथ्य बदलतात आणि सगळे जागेवर आल्यावरच पडदा उघडतात, तसे इथे चालते. स्मृतीतल्या एका दडलेल्या पृष्ठावर पूर्ण चित्र तयार होते आणि मग ते एकदम समोर आणले जाते. ‘दाखवा’ ही आज्ञा द्यायची राहिली तर प्रोग्रॅम इमानेइतबारे चित्रे काढत राहतो आणि विंडो मात्र काळीच दिसते. नवशिक्यांच्या काळ्या विंडोचे हे फार नेहमीचे कारण. दुसरे एक लक्षात ठेवावे: शाळेतल्या आलेखात य-अक्षावरच्या संख्या वर जाताना वाढतात, इथे त्या खाली जाताना वाढतात. विंडोचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य.

आजच्या लॅपटॉपांवर आणखी एक भानगड असते. आठशे बाय सहाशेची विंडो मागितली तरी दाट पिक्सेलांच्या पडद्यावर तिच्याखाली खरे पिक्सेल सोळाशे बाय बाराशे असू शकतात. लायब्ररीला हे सांगितले नाही तर छोटे चित्र ताणून मोठे केले जाते आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. रोमन अक्षरे धुरकटपणातही ओळखू येतात. देवनागरीत भ आणि म, घ आणि ध यांच्यात फरक तो केवढा, शिरोरेषेत असलेल्या वा नसलेल्या एका फटीचा. ती फट भरून गेली की वाचणाऱ्या मुलाला ‘घर’ आणि ‘धर’ सारखेच दिसतात. म्हणून विंडो उघडतानाच दाट पडद्याचा पर्याय मागून घ्यावा आणि अक्षरे गुळगुळीत कडांनीच काढावीत. एसडीएलच्या फॉन्ट-जोडणीत कडा अजिबात न गुळगुळवणारी एक झटपट पद्धत आहे, पायगेममध्येही ती एका ‘नाही’ने चालू होते. मराठीसाठी तिच्या वाटेला जाऊ नये. माझ्या मते अठरा पिक्सेलांखालचे मराठी अक्षर मुलांसमोर ठेवूच नये.

आता फॉन्टकडे वळू. फॉन्टच्या फाइलीत अक्षरांची तयार चित्रे नसतात, त्यांच्या बाह्यरेषा असतात. ॲपलने १९९१ मध्ये आणलेल्या ट्रूटाइप पद्धतीत या रेषा म्हणजे सरळ तुकडे आणि वक्र तुकडे यांची मालिका. अक्षर हजार किंवा २०४८ एककांच्या काल्पनिक चौकटीत आखलेले असते. तुम्ही बत्तीस पिक्सेलांचा आकार मागितला की त्या प्रमाणात रेषा लहान करून त्यांच्या पोटात रंग भरला जातो आणि कडेच्या पिक्सेलांना करड्या छटा दिल्या जातात. हे काम बहुतेक ठिकाणी ‘फ्रीटाइप’ नावाची मुक्त लायब्ररी करते. एसडीएलची फॉन्ट-जोडणीही तिच्यावरच चालते.

ओळीची उंची ठरवताना इंग्रजीची सवय आड येते. एखाद्या बटणाची उंची इंग्रजी लेबल पाहून बेतली आणि मग त्यात ‘मूर्तींना’ हा शब्द बसवला तर काय होईल? या एका शब्दात खाली दुसरा उकार आहे आणि वर दुसरी वेलांटी, रफार व अनुस्वार एकाच जागी गोळा झाले आहेत. बटण वरून अनुस्वार छाटते, खालून उकार. उपाय सोपा आहे: उंची मनाने ठरवू नये, फॉन्टलाच विचारावी. ओळीची शिफारस केलेली उंची प्रत्येक फॉन्टमध्ये नोंदलेली असते आणि ती विचारायची सोय लायब्ररीत असते. देवनागरीसाठी नीट आखलेल्या फॉन्टमध्ये ती इंग्रजीपेक्षा सढळ असते. ही मोकळी जागा वाया जाते असे समजून ओळी दाबून बसवणारे लोक आहेत. त्यांच्या हातचा मजकूर वाचताना डोळे दुखतात.

इथपर्यंतच्या गोष्टी थोड्या काळजीने सुटतात. ‘क्षितिज’ का मोडला, त्याचे उत्तर मात्र आणखी खोल आहे. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिला आहे. त्यात क आहे, ष आहे, पाय मोडण्याची खूण आहे, वेलांट्या आहेत. पण क्ष नावाची स्वतंत्र जागा नाही, अर्ध्या ल ला जागा नाही आणि रफारालाही नाही. ‘क्षितिज’ साठवला जातो तो असा: क, पाय मोडण्याची खूण, ष, पहिली वेलांटी, त, पहिली वेलांटी, ज. एकूण सात क्रमांक. क्रम उच्चाराचा आहे, दिसण्याचा नाही. म्हणून वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसत असली तरी साठ्यात नंतर येते. साध्या लायब्ररीने एकेक क्रमांक घेतला, फॉन्टमधून त्याचे चित्र काढले आणि उजवीकडे सरकत चित्रे मांडली तर मोडका शब्दच तयार होणार. तिने काही चूक केलेली नसते, तिला लिपीच ठाऊक नसते.

साठ्यातल्या क्रमांकांतून डोळ्यांना दिसणारा शब्द घडवण्याचे काम वेगळे आहे. ते करणारी सगळ्यात प्रसिद्ध मुक्त लायब्ररी म्हणजे ‘हार्फबझ’. बेहदाद एस्फहबोद यांनी ती अनेक वर्षे वाढवली आणि आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांत आपण जे मराठी वाचतो ते तिच्या हाताखालून आलेले असते. ती शब्द आधी अक्षरगटांत फोडते: क्षि, ति, ज. प्रत्येक गटात मुख्य व्यंजन कोणते ते शोधते. पहिली वेलांटी गटाच्या सुरुवातीला नेते. मग फॉन्टमध्ये लिहून ठेवलेले नियम ठरावीक क्रमाने लावते. क, पाय मोडणे आणि ष लागोपाठ आले तर क्ष हे एकच चित्र घे, असा एक नियम. वेलांटीखालचे अक्षर रुंद असेल तर रुंद फण्याची वेलांटी घे, असा आणखी एक. चांगल्या फॉन्टात पहिल्या वेलांटीचे अनेक आकार यासाठीच दिलेले असतात. सात क्रमांकांतून शेवटी पाच चित्रे उरतात: वेलांटी, क्ष, वेलांटी, त, ज. ‘कीर्ती’मध्ये तर र साठ्यात ती च्या आधी असतो आणि दिसताना ती च्या शेवटी, दुसऱ्या वेलांटीच्या डोक्यावर जाऊन बसतो.

मराठीची आणखी एक खास गरज आहे, ती हिंदीला नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा र. युनिकोडमध्ये साधा र ०९३० क्रमांकावर आणि नुक्ता दिलेला ऱ ०९३१ वर आहे. ऱ चा पाय मोडून पुढे य किंवा ह आला की फॉन्टने आडवा र द्यायचा, अशी रीत आहे. काही कळपाट हाच आकार पाय मोडलेल्या साध्या र पुढे एक अदृश्य जोडखूण घालून मिळवतात. लिपी न जाणणारी लायब्ररी त्या अदृश्य खुणेचेही चित्र शोधायला जाते आणि शब्दाच्या मध्येच रिकामा चौकोन ठेवून देते. ल आणि श यांच्या आकारांचीही मराठीला अशीच खास गरज आहे. मराठीचे हे आकार हिंदीपेक्षा वेगळे आहेत आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या लिपीविषयक निर्णयात ते ठरवून दिले आहेत. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही आकार असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठीचे बाहेर येतात. एसडीएलच्या नव्या, तिसऱ्या पिढीच्या फॉन्ट-जोडणीत भाषा सांगण्याची सोय आहे.

मग पायगेममध्ये नेमके करायचे काय? एसडीएलच्या फॉन्ट-जोडणीत हार्फबझ वापरण्याची सोय आहे, पण ती जोडणी हार्फबझसह बांधलेली असावी लागते. पायगेमच्या २.२ आणि पुढच्या आवृत्त्यांत फॉन्टला लिपी सांगण्याची आज्ञा आहे. तिला देवनागरीची चार रोमन अक्षरी खूण द्यायची: डी, ई, व्ही, ए. फॉन्ट उघडल्यावर लगेच, पहिला शब्द काढण्याआधी ही एक ओळ लिहावी. तिने त्रुटी दाखवली तर समजावे की फॉन्ट-जोडणी जुनी आहे. त्रुटी न दाखवताही ‘क्षितिज’ मोडकाच राहिला तर हार्फबझ आत नाही. दोन्ही वेळा नवी आवृत्ती घालणे हाच मार्ग. सी भाषेत शिकवायला सोपी म्हणून लोकप्रिय असलेली रेलिब मात्र एकेका क्रमांकाचे चित्र मांडण्याच्याच पद्धतीने चालते. तिच्यात फॉन्ट साधेपणाने उघडला तर इंग्रजीची ९५ चिन्हेच भरली जातात आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. देवनागरीचे क्रमांक देऊन चिन्हे भरून घेतली तरी वेलांटी चुकीच्याच बाजूला राहते. रेलिब इतर बाबतींत फार छान आहे, पण मराठी मजकुरासाठी तिच्यासोबत हार्फबझ स्वतः जोडावी लागेल. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर काम करावे, तिथे शब्द घडवण्याचे काम ब्राउझरच करतो. क्यूटी, किंवा मार्च २०२३ मध्ये आलेले गोडो-४ हेही चांगले पर्याय आहेत.

काही जण एक पळवाट सुचवतात. युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टांत मराठी आकार रोमन कळांवर बसवलेले असत आणि मजकूर दिसण्याच्या क्रमाने टाइप होत असे. वेलांटी आधी, अक्षर नंतर. शिशाचे खिळे जुळवणारा जुळारीही डोळ्यांना दिसते त्याच क्रमाने काम करी, म्हणून ती पद्धत छापखान्यांच्या अंगवळणी लगेच पडली. असा फॉन्ट वापरला तर कोणत्याही लायब्ररीत शब्द नीट दिसतो, हे खरे. पण साठ्यात असतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक गोळा. त्यात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, अंध मुलासाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातून काहीच उच्चारता येत नाही. आज नव्याने खेळ करणाऱ्याने ही पळवाट घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शब्द नीट दिसायला लागला की खेळाच्या आतला प्रश्न पुढे येतो. शब्दकोड्याच्या चौकटीत ‘क्षितिज’ला किती घरे लागतात? कोणतेही मराठी मूल तीन सांगेल. पायथॉनला लांबी विचारली तर तो सात म्हणतो, कारण तो क्रमांक मोजतो. अक्षर-अक्षर उलगडत जाणारी ओळ दाखवायची असेल आणि क्रमांकागणिक एक पाऊल टाकले तर मुलाला आधी क, मग पाय मोडलेला क, मग क्ष, मग क्षि असे उड्या मारणारे काहीतरी दिसेल. शब्द अक्षरगटांत तोडायला हवा. यासाठी युनिकोडचे प्रमाणित नियम आहेत, पण जोडाक्षर न तोडण्याचा नियम देवनागरीला लागू झाला तो १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने क्ष चे दोन तुकडे करतात. वापरात घेण्याआधी ‘क्षितिज’ देऊन तीनच तुकडे मिळतात का ते पाहावे.

गुणफलकावर ‘गुण : १२०’ लिहिताना पायथॉन आपणहून रोमन अंक देतो. देवनागरी अंक हवे असतील तर दहा अंकांची अदलाबदल करणारा छोटा तक्ता लिहावा लागतो. उलट दिशेने मात्र तो समजूतदार आहे: ‘१२०’ हे देवनागरीत लिहिलेले अंक त्याला दिले तर तो ते निमूट संख्या म्हणून वाचतो. आणि मजकुराचे चित्र दर फेऱ्याला नव्याने काढू नये. फॉन्टमधून आकार काढणे, शब्द घडवणे, रंग भरणे, ते चित्र ग्राफिक्स कार्डाकडे पाठवणे हे सगळे सेकंदाला साठदा करायचे कारण नाही. ‘गुण’ हा शब्द एकदाच काढून ठेवावा, आकडा बदलला तेव्हाच आकड्याचे चित्र नवे करावे. सी भाषेत थेट एसडीएल वापरत असाल तर जुने चित्र आठवणीने मोकळे करावे, नाहीतर तासाभरात स्मृती भरत जाते.

फॉन्ट प्रोग्रॅमसोबतच द्यावा. समोरच्याच्या संगणकात असेल त्याच्या भरवशावर राहू नये. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल विंडोज २००० पासून बहुतेकांच्या ओळखीचा आहे, पण तो आपल्या खेळासोबत वाटण्याची मुभा नाही. एक टाइप या गटाचे मुक्त आणि बालू, नोटो सान्स देवनागरी, किंवा मराठीच्या आकारांसाठी मुद्दाम घडवलेला टिरो देवनागरी मराठी हे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. परवान्याची फाइल सोबत ठेवून ते बिनदिक्कत देता येतात. मुलांच्या खेळाला बालूचे गुबगुबीत वळण छान दिसते, लांब मजकुराला मुक्त बरा.

लायब्ररी निवडताना वेग, त्रिमिती, आवाज हे सगळे नंतर पाहा. आधी क्षितिज, कीर्ती, दर्या, दऱ्या, तऱ्हा, मूर्तींना, हृदय, राष्ट्र आणि ॲप हे शब्द एका फाइलीत ठेवा आणि विंडोत काढून बघा. एखादा मोडला तर त्या लायब्ररीच्या तक्रार-नोंदीत पडद्याचे छायाचित्र, नीट लिहिलेला शब्द आणि दोन्हींतला फरक सांगणारी एक ओळ अवश्य टाका. दुरुस्ती करणाऱ्याला बहुधा देवनागरी वाचता येत नाही, आणि हा फरक त्याला आपल्याशिवाय कोण दाखवणार?